सिग्नलला गाडी का बंद पडते?



या पानावर आम्ही नेहमी रक्तदाब, साखर, गुडघे यांच्याबद्दल लिहितो. या खेपेचा रोगी निराळा आहे. त्याला चार चाके आहेत आणि वय पंचविशीच्या पुढे गेले आहे. आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांच्या दारात अशी एक जुनी गाडी अजून उभी असते. नवी घ्यायची तर पेन्शनला झेपत नाही. जुनी विकायला काढली तर घेणारा भंगाराचा भाव सांगतो. म्हणून तीच चालवायची, जपायची, आणि टेस्टची तारीख जवळ आली की महिनाभर मनात धाकधूक ठेवायची.

या गाड्यांची एक तक्रार आम्ही कितीतरी जणांकडून ऐकली आहे. "रस्त्यावर छान पळते हो, पण रमझोरला उभी केली की थरथरते आणि बंद पडते." रमझोर म्हणजे सिग्नल, हे इथल्या वाचकांना सांगायला नको, पण हा अंक भारतातही कोणी कोणी मागवतात म्हणून सांगितले. मग त्यावर लोक उपाय काय करतात, तर एका पायाने ब्रेक दाबून धरायचा आणि दुसऱ्या पायाने रेस देत राहायचे, म्हणजे बंद पडत नाही! हा उपाय रोगापेक्षा वाईट. गाडी ऑटोमॅटिक, वय पंच्याहत्तर, पायांना मधुमेहाच्या मुंग्या, आणि समोर झेब्रा पट्ट्यांवरून शाळेची मुले चाललेली. पाय एकदा चुकला की काय होईल, हे आम्ही लिहून दाखवायला नको. त्यामुळे ही तक्रार "चालतंय तोवर चालू दे" म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

आधी मुलांसाठी थोडे. इंजिन काय करते? हवा आत ओढते, तिच्यात पेट्रोलचा फवारा मिसळते, ते मिश्रण पिस्टनने दाबते, ठिणगी टाकून पेटवते, आणि जळलेला धूर सायलेन्सरमधून बाहेर सोडते. गाडी उभी आहे, पाय ॲक्सिलरेटरवर नाही, तरी इंजिन आपले चालू असते. त्याला आयडलिंग म्हणतात. त्या वेळी ते मिनिटाला साधारण ७०० ते ९०० फेरे घेते. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्याला दोन भडके उडतात. म्हणजे ८०० फेऱ्यांना १६०० भडके, तेही एका मिनिटात. आजोबांचे हृदय खुर्चीत बसल्या जागी मिनिटाला सत्तर-ऐंशी ठोके देते, त्याच्याशी ताडून पाहा.

आता रस्त्यावर पळणारी गाडी नेमकी उभी राहिल्यावरच का दमते? आपण ॲक्सिलरेटर दाबतो तेव्हा हवेच्या वाटेतली एक गोल झडप उघडते आणि इंजिन भरपूर श्वास घेते. पाय काढला की ती झडप जवळजवळ मिटते. मग इंजिनाला एका बारीक फटीतून किंवा बाजूच्या लहान वाटेने श्वास घ्यावा लागतो. भरपूर हवा असताना थोडे कमी-जास्त झालेले कळत नाही. बारीक फटीतून श्वास चालू असताना मात्र जरासा कचरा, जराशी गळती, एखादा मंद प्लग, एवढेही पुरते. शिवाय त्याच थोड्या ताकदीवर डायनॅमो, स्टिअरिंगचा पंप आणि मझगानचा कॉम्प्रेसर चालवायचा असतो. उन्हाळ्यात मझगान लावला की गाडी आचके देते ती यामुळे.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत बसलेल्यांना हे दृश्य आठवत असेल. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या त्या फियाट, ज्यांना पुढे पद्मिनी म्हणू लागले. टॅक्सीवाला सकाळी चोकची दांडी ओढायचा, आणि सिग्नलला थोड्या थोड्या वेळाने घर्र घर्र रेस देत राहायचा. त्या गाड्यांना कार्बोरेटर असे. त्यातल्या एका स्क्रूने आयडलिंग लावायचे, आणि आतल्या बारीक जेटमध्ये कचरा अडकला की मिस्त्री ते काढून तोंडाने फुंकर मारून परत बसवायचा. (पेट्रोलला तोंड लावू नका, मुलांनो. त्यांनी लावले म्हणून आपण लावायचे नाही.) त्या पद्मिनी टॅक्सी २०२३ सालच्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून कायमच्या गेल्या. इथे आपल्याकडे ज्या जुन्या गाड्या उरल्या आहेत त्यांतल्या बहुतेकांना कार्बोरेटर नाही. त्यांना पेट्रोलचे इंजेक्शन आहे आणि सगळा हिशेब एक लहानसा कॉम्प्युटर ठेवतो. स्क्रू फिरवून आयडलिंग वाढवण्याचे दिवस गेले. तरीही काही जुने हात स्क्रू शोधत बसतात!

आता एक केस सांगतो. आमच्याच बिल्डिंगमधले एक भाऊ, वय ७८. गाडी १९९८ची, जपानी बनावटीची. तीच तक्रार, सिग्नलला बंद पडते. भाऊंनी ती एका मुसाखमध्ये नेली. तिथे प्लग बदलले. दोन दिवस बरी वाटली, पुन्हा तेच. परत नेली, पेट्रोलचा फिल्टर बदलला. तिसऱ्या खेपेला पेट्रोलचा पंप. तीन वेळा पैसे मोजून झाले आणि गाडी होती तिथेच. चौथ्या खेपेला कॉम्प्युटर बदलावा लागेल म्हणाले, तेव्हा भाऊ घाबरून आमच्याकडे चहाला आले. गाडी दुरुस्त करायला नव्हे, मन मोकळे करायला.

आम्ही काही मेकॅनिक नव्हे. पण चाळीस वर्षे वॉर्डात काढली. डॉक्टर येण्याआधी केसपेपर भरायचा असतो, आणि पोट दुखते म्हणणाऱ्याला आधी विचारायचे असते की कधीपासून, कुठे, जेवणाआधी की नंतर, काय केल्याने वाढते, काय केल्याने थांबते. तेच आम्ही भाऊंना विचारू लागलो.

"भाऊ, इंजिन थंड असताना बंद पडतं की गरम झाल्यावर?"

"दोन्ही वेळी. मझगान लावला की जास्त."

"बंद पडल्यावर लगेच चालू होतं?"

"एका सेल्फमध्ये. पण रेस देत राहावं लागतं, सिस्टर."

"एकदम बंद पडतं, किल्ली फिरवल्यासारखं, की हळूहळू दम जाऊन?"

"दम जाऊन. काटा खाली खाली येतो, थरथरते आणि जाते."

"आणि हे सुरू होण्याच्या आधी गाडीला काय केलं होतं?"

"काही नाही. प्लग, फिल्टर, ते सगळं नंतर."

"बॅटरी?"

"ती तर आधीच. ठाण्याला भाचीच्या लग्नाला गेलो होतो ना, दीड महिना गाडी उभी. आलो तर बॅटरी मेलेली. नवीन बसवली."

"आणि बंद कधीपासून पडायला लागली?"

भाऊ गप्प. आतून आमच्या स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला, "त्याच आठवड्यापासून! मी सांगत होते यांना."

रोगाचे मूळ इथे होते, आणि तीनही खेपांना ते कोणाला कळले नव्हते. मुसाखवाल्याने फसवले असे आम्ही म्हणत नाही. भाऊंनी त्याला "बंद पडते" एवढेच सांगितले होते, आणि त्यानेही पुढे विचारले नव्हते.

झाले होते ते असे. हवेच्या त्या गोल झडपेभोवती वर्षानुवर्षे काजळी आणि तेलकट थर बसतो. फट बारीक होत जाते. कॉम्प्युटर हे ओळखतो आणि बाजूची लहान वाट थोडी थोडी जास्त उघडून इंजिनाला हवा पुरवत राहतो. हा हिशेब तो आपल्या स्मृतीत ठेवतो, आणि ती स्मृती बॅटरीच्या विजेवर टिकते. बॅटरी मेली, स्मृती पुसली. नवी बॅटरी बसवल्यावर कॉम्प्युटरने कारखान्यातून निघाला तेव्हाचा हिशेब पुन्हा सुरू केला, पण तो हिशेब स्वच्छ झडपेचा. इथे झडप काजळीने अर्धी बुजलेली. श्वास कमी पडला आणि गाडी गुदमरू लागली. दोष बॅटरीचा नव्हता. दोष कितीतरी वर्षांचा होता, बॅटरीने तो उघडा पाडला.

माणसातही हेच पाहिले आहे. हिमोग्लोबिन सहावर आलेली बाई आपल्या पायांनी चालत दवाखान्यात येते, भाजीची पिशवी हातात घेऊन. कारण ते वर्षभर हळूहळू उतरलेले असते आणि शरीराने तितके सांभाळून घेतलेले असते. मग एक लहानसा ताप येतो आणि बाई कोसळते. घरचे म्हणतात, तापाने झाले.

दुसऱ्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकने भाऊंची झडप साफ केली. इंजिन बंद आणि थंड, हवेची नळी काढलेली, योग्य तो स्प्रे फडक्यावर घेऊन पुसायचे. काळे फडके आम्ही डोळ्यांनी पाहिले, तव्याच्या बुडासारखे. बाजूच्या लहान वाटेचा व्हॉल्व्हही साफ केला. मग गाडीला शिकवणे. इंजिन चालू करायचे, ॲक्सिलरेटरला पाय लावायचा नाही, मझगान, दिवे, रेडिओ बंद. इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत तसेच चालू द्यायचे. नंतर मझगान लावून आणखी काही मिनिटे. प्रत्येक गाडीच्या पुस्तकात याची रीत थोडी वेगळी असते, म्हणून पुस्तक बघूनच करावे. आणि ज्या गाड्यांत ही झडप तारेने नव्हे तर विजेच्या मोटरने उघडते, तिथे ती बोटाने ढकलू नये, बिघडते. स्प्रेसुद्धा झडपेसाठीचाच वापरावा, काही झडपांना आतून लेप असतो आणि कार्बोरेटरच्या कडक स्प्रेने तो जातो.

पण सगळ्यांची गाडी भाऊंच्या गाडीसारखी नसते. म्हणून केव्हा बंद पडते, यावर लक्ष ठेवा.

सकाळी थंड असताना बंद पडते आणि गरम झाल्यावर नीट चालते, किंवा उलट, गरम झाल्यावर काळा धूर आणि पेट्रोलचा वास येतो, तर आम्हाला आधी थर्मामीटरची शंका येते. इंजिनाच्या पाण्याचे तापमान सांगणारा एक सेन्सर असतो. तो खोटे बोलू लागला की कॉम्प्युटर गरम इंजिनाला थंड समजतो आणि पेट्रोल जास्त पाजतो, किंवा थंड इंजिनाला गरम समजून उपाशी ठेवतो. वॉर्डात फुटका थर्मामीटर हाती आला तर तापाचा सगळा तक्ताच खोटा, आणि डॉक्टर औषध त्या तक्त्यावर देणार. हा सेन्सर फार महाग नसतो. तपासायलाही मीटरने थोडा वेळ लागतो.

खमसीनच्या दिवसांत, लांबच्या रस्त्यावर, इंजिन किल्ली फिरवल्यासारखे एकदम बंद होते, थरथर नाही, आचका नाही, आणि वीस-तीस मिनिटांनी थंड झाल्यावर जणू काही झालेच नाही असे चालू होते, याला हलके समजू नका. इंजिनाचा मुख्य दांडा कुठवर फिरला ते सांगणारा एक सेन्सर असतो. तो म्हातारा झाला की गरमीत बेशुद्ध पडतो. ठिणगीचे इलेक्ट्रॉनिक यंत्रही असेच करते. मुसाखमध्ये पोचेपर्यंत गाडी थंड झालेली असते, मेकॅनिक म्हणतो सगळे ठीक आहे. त्याला सांगावे, गरम असताना तपासा. आणि तोवर ही गाडी महामार्गावर नेऊ नये. कार्बोरेटरच्या गाडीत मात्र गरमीत बंद पडण्याचे जुने कारण वेगळे. नळीतच पेट्रोल उकळते आणि वाफेचा बुडबुडा वाट अडवतो. ओले फडके नळीवर टाकून थांबणारे ड्रायव्हर आमच्यातल्या अनेकांनी घाटात पाहिले असतील.

काटा वर जातो, खाली येतो, पुन्हा वर जातो, इंजिन उसासे टाकल्यासारखे करते, तर कुठून तरी चोरून हवा आत शिरते आहे असे समजा. जुन्या गाडीतल्या रबरी नळ्या इथल्या उन्हाने कडक होतात आणि चिरतात. तेलाचे झाकण नीट बसले नसले किंवा तेल पाहायची पट्टी अर्धवट वर आलेली असली तरीही हे होते, म्हणून आधी ते फुकटचे पाहून घ्यावे. चिरलेली नळी शोधायची आमची आवडती रीत म्हणजे स्टेथोस्कोप. खरोखरच! मेकॅनिक लोकांचाही स्टेथोस्कोप मिळतो. नसेल तर हातभर रबरी नळी घ्या, एक टोक कानाशी, दुसरे टोक इंजिनाच्या नळ्यांजवळून हळूहळू फिरवा. जिथे सूं असा आवाज मोठा होईल तिथे जखम. मेकॅनिक मग ती नळी चिमटीत धरून दाबतो. इंजिनाचा आवाज बदलला की खात्री झाली. काही जण चालू गरम इंजिनावर पेट्रोलसारखा पेट घेणारा स्प्रे मारून गळती शोधतात. घरी हे कोणीही करू नये. आग लागते.

बॉनेट उघडून वाकायचे असेल तर पदर, ओढणी, गळ्यातली साखळी, सैल बाही, सगळे आधी आवरून घ्या. पट्टा आणि पंखा कोणाची गय करत नाहीत. विजेचा पंखा तर इंजिन बंद असतानाही आपोआप फिरू लागतो. आणि ज्यांना पेसमेकर बसवला आहे त्यांनी चालू इंजिनावर अजिबात वाकू नये. ठिणगीच्या तारांत हजारो व्होल्ट असतात, आणि त्यांच्या अगदी जवळ गेल्यास पेसमेकरच्या कामात अडथळा येऊ शकतो. त्यांनी गाडी चालवायला हरकत नाही, डॉक्टरांनी परवानगी दिली असली तर. बॉनेटखालचे काम दुसऱ्याला सांगावे.

ठराविक ताल धरून लंगडते, धक धक धक थप, धक धक धक थप, तर एक सिलिंडर काम करत नाही. आपल्याकडे याला गाडी मिस मारते म्हणतात. प्लग काढून त्याचे टोक पाहणे म्हणजे रोग्याची जीभ पाहण्यासारखे. फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर ठीक. कोरडे काळे काजळ असेल तर पेट्रोल जास्त. तेलकट ओले असेल तर इंजिन तेल खाते आहे, म्हणजे दुखणे जुने. पांढरे फटक असेल तर हवा जास्त, पेट्रोल कमी. जुन्या तारा असतील तर रात्री अंधारात बॉनेट उघडून लांबूनच बघावे. तडकलेल्या तारेवर निळ्या ठिणग्या नाचताना दिसतात. प्लग, तारा, कॉइल सगळे चांगले आणि तरी तेच सिलिंडर मेलेले, तर व्हॉल्व्ह जळला असेल, आणि मग दाब मोजावा लागतो. तो खर्च करण्याआधी गाडीची किंमत आणि आपले वय दोन्ही विचारात घ्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

काचेसमोरच्या पट्टीवर इंजिनाचा पिवळा दिवा असतो. तो नुसता लागून राहिला असेल तर एक-दोन दिवसांत दाखवा. पण तो उघडझाप करत असेल तर गाडी बाजूला घ्या. त्याचा अर्थ न जळलेले पेट्रोल धुराच्या नळीत जाते आहे, आणि तिथला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून निकामी होतो. त्याची किंमत ऐकून रक्तदाब वाढतो. तो खराब झाला की टेस्टमध्ये धूर पास होणे कठीण. मुसाखवाला यंत्र लावून एक नंबर वाचून दाखवतो, पी ०३०० म्हणजे मिस मारते, पी ०१७१ म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त, पी ०५०५ म्हणजे आयडलिंगचा बंदोबस्त बिघडला. ध्यानात ठेवा, तो नंबर म्हणजे तक्रार, निदान नव्हे. पी ०१७१ आला म्हणून लगेच सेन्सर बदलू नका. चिरलेली दहा शेकेलची नळीही तोच नंबर दाखवते.

एक गंमत. एक आजी नातवाच्या नव्या गाडीत बसल्या, आणि दर सिग्नलला इंजिन बंद पडते म्हणून सगळ्या रस्ताभर काळजी करत राहिल्या. नव्या गाड्या पेट्रोल वाचवायला सिग्नलला मुद्दाम बंद होतात आणि ब्रेकवरचा पाय उचलला की चालू होतात. तो रोग नाही. आपल्या १९९८च्या गाडीने तसे केले तर मात्र रोगच.

आता सगळ्यात जरुरीचे. चालत्या गाडीत इंजिन बंद पडले तर काय? घाबरायचे नाही. स्टिअरिंग एकदम जड होते, पण फिरते. दोन्ही हातांनी जोर लावून फिरवावे. ब्रेकला जी मदत मिळते ती इंजिनाच्या ओढीवर चालते. इंजिन गेल्यावर ती दोन-तीन दाबांपुरतीच शिल्लक असते. म्हणून ब्रेक सोडून पुन्हा पुन्हा मारू नये, एकदाच घट्ट दाबून धरावा. धोक्याचे दिवे लावावेत, गाडी उजव्या कडेला घ्यावी. गाडी हलती असताना किल्ली काढू नये, स्टिअरिंगला कुलूप लागते. न्यूट्रलमध्ये घेऊन एकदा सेल्फ मारून पाहायला हरकत नाही. शहराबाहेरच्या रस्त्यावर उतरताना पिवळे जाकीट घालून उतरावे आणि गाडीत किंवा गाडीमागे न थांबता कठड्याच्या पलीकडे जावे. मुलांनो, आजी-आजोबांचे जाकीट डिकीत सामानाखाली असेल तर आजच काढून सीटजवळ ठेवा.

आणि आयडलिंग तपासायचे ते उघड्यावर. बिल्डिंगखालच्या बंद पार्किंगमध्ये पंधरा मिनिटे गाडी चालू ठेवून काटा बघत बसू नये. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो आणि प्राणवायूची जागा अडवतो. डोके दुखते, मळमळते, चक्कर येते, झोप येते. म्हातारे माणूस समजते, रक्तदाब असेल, आणि तिथेच बसून राहते. वाईट चालणारे इंजिन हा वायू जास्त सोडते, म्हणजे जी गाडी तपासायची तीच जास्त विषारी. असे काही वाटले तर आधी मोकळ्या हवेत या, मग १०१ला फोन करा.

मुसाखमध्ये जाताना तोंडी सांगू नका. आपली हिब्रू बाजारापुरती ठीक, पण समोर मेकॅनिक घाईत उभा असला की शब्द आठवत नाहीत. आणि "बंद पडते" एवढेच तोंडातून निघते. घरी निवांत बसून नातवंडांकडून एक कागद लिहून घ्या. आपण मराठीत सांगायचे, त्यांनी हिब्रूत लिहायचे. किती दिवसांपासून, थंड की गरम, मझगानसह की शिवाय, गिअर डीमध्ये की पार्किंगमध्ये, दम जाऊन की एकदम, किती वेळाने पुन्हा चालू होते, आणि त्याआधी गाडीला काय काय केले, बॅटरीसकट. शेवटी एक ओळ घाला, एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि बदललेला जुना भाग परत द्यावा. कागद त्याच्या हातात द्या, फोटो आपल्याकडे ठेवा.

भाऊंची गाडी आता सिग्नलला ७५० वर उभी राहते, मझगान लावूनही. बदललेला जुना पेट्रोलचा पंप त्यांनी मागून घेतला होता, तो तपासला तर चांगला निघाला. तो आता त्यांच्या बाल्कनीत कुंडीशेजारी आहे, वहिनी रोज त्याच्याकडे बघून काहीतरी बोलतात.

बालमित्रांनो, तुमच्यासाठी गणित. सहा सिलिंडरचे इंजिन, मिनिटाला ७५० फेरे. प्रत्येक सिलिंडरमध्ये दर दोन फेऱ्यांना एकदा भडका उडतो. तर एका मिनिटात एकूण भडके किती? आणि एक सिलिंडर मिस मारत असेल तर किती? उत्तर आजोबांना तोंडी सांगा, कॅल्क्युलेटर न घेता.